सूट कुणाच्या खिशातून?

वाचकांचे प्रश्न, हिशोबाची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली: मोबाइलवर गट करून होणारी खरेदी. कुणी गटातून घेतंय, कुणाला गटाला विकायचंय, कुणाला गटाचा प्रमुख व्हायचंय. मी लातूरच्या दाळ मिलमध्ये वर्षानुवर्षं हिशोब लिहिले, आता बचत गटांचे आणि एका शेतकरी उत्पादक कंपनीचे लिहिते. त्यामुळे असं पत्र हातात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. भाव खाली आला म्हणता, तर तो फरक सोसला कुणी? हे सापडलं की घ्यावं का, विकावं का, हे ठरवणं अवघड राहत नाही. पत्रं थोडक्यात देते. नावं गाळली आहेत.

ताई, आमच्या कॉलनीत व्हॉट्सॲपवर खरेदीचा ग्रुप आहे. तूरदाळ, तेल, साबण एकत्र मागवतात. दुकानापेक्षा दाळ किलोमागे वीस रुपये कमी पडते. ग्रुप चालवणाऱ्या म्हणतात, पन्नास घरं झाली की भाव आणखी उतरेल. हे जमतं कसं? माल हलका तर नसेल ना? – शिक्षिका, अंबाजोगाई

बाई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण भावाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. तूरदाळ सगळी सारखी नसते. मिलमध्ये फटका (वरच्या प्रतीची दाळ) वेगळा, सव्वा नंबर (त्याखालची प्रत) वेगळी, तुकडा वेगळा, आणि प्रत्येकीचा भाव वेगळा. तेलाचा हात दिलेली चकचकीत दाळ आणि बिनपॉलिशची दाळ यांच्यातही फरक. दुकानातल्या फटक्याशी ग्रुपवरची सव्वा नंबर ताडून पाहिली तर सूट दिसणारच, पण ती मालातल्या फरकाची असते. तेव्हा आधी दोन्हीकडची मूठभर दाळ एका ताटात शेजारी शेजारी पसरा. अख्ख्या पाकळ्या किती, तुकडा किती, टरफल किती हे डोळ्यांनीच कळतं.

माल सारखाच निघाला तर मग सूट कुठून आली ते बघू. समजा, दुकानात एक किलोचं पाकीट १६० रुपयांना आहे आणि मिलमध्ये तीस किलोचा कट्टा १४० रुपये किलोनं, म्हणजे ४,२०० ला मिळतो. मधल्या वीस रुपयांत पाकिटाचा खर्च आहे, छपाई आहे, ठोक व्यापारी आणि किराणा दुकानदार यांचा नफा आहे, दुकानाचं भाडं आहे, उधारी बुडण्याची जोखीम आहे. शिवाय कर आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या दाळीवर पाच टक्के जीएसटी आला, त्याहून मोठ्या पोत्यावर तो नाही. म्हणून बाजारात तीस किलोचे कट्टे इतके दिसतात. तुम्ही दहा घरांनी कट्टा घेऊन वाटून घेतला की यातले बरेचसे खर्च खरोखरच वाचतात. ही सूट कुणाच्याही पोटावर पाय देऊन आलेली नाही.

पण नवे खर्च येतात, ते कुणी मोजत नाही. मिलपासून कॉलनीपर्यंतचा टेम्पो, हमाली, मापताना होणारी घट, आणि वाटणाऱ्या बाईंचा वेळ. टेम्पोचे किलोला तीन आणि घटीचा एक धरला तर १४४ पडले. म्हणजे किलोमागे सोळा रुपये वाचले. महिन्याला चार किलो दाळ लागणाऱ्या घराचे ६४ रुपये. हे कमी नाहीत, पण यासाठी दर्जाची तडजोड करण्याइतके जास्तही नाहीत.

आता पन्नास घरांचं. भाव उतरतो तो टप्प्याटप्प्यानं. अर्ध्या कट्ट्याचा पूर्ण कट्टा झाला की उतरतो. सुट्या कट्ट्यांचा पूर्ण टेम्पो झाला की पुन्हा उतरतो. टेम्पो भरल्यावर आणखी चार घरं आली तरी मिलवाला एक रुपया सोडत नाही, कारण त्याचं काहीच वाचलेलं नसतं. म्हणून 'इतकी माणसं झाली की इतका भाव' असं कुणी म्हणालं तर तो आकडा आला कुठून, हे विचारा. कट्ट्यावरून, टेम्पोवरून, कारखान्याच्या एका खेपेवरून आला असेल तर खरा. उत्तर देता आलं नाही तर तुम्हाला शेजारणी गोळा करायला लावण्यासाठी तो ठेवलेला आहे.

तेलाबाबत एकच गोष्ट डोक्यात ठेवा. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला भाऊ-भाऊ, पण लिटरभर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरच्या डब्यात तेल पावणेचौदा किलोच्या आत असतं. भाव विचारताना किलो की लिटर, हे आधी विचारा.

आणि ग्रुप चालवणाऱ्या बाईंना थेट विचारा की त्या स्वतःचे किती ठेवतात. ठेवत असतील तर बिघडलं काही नाही, कष्ट त्यांचे आहेत. पण किलोला दोन रुपये ठेवते असं त्यांनी सांगितलं की सगळ्यांचा विश्वास वाढतो. नियमित नफ्यावर विकायचं तर त्यांनी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्यायला हवी. घरी पाकिटं भरून विकू लागल्या तर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि भरणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर यायला हवं.

ही ऑनलाइनची गट-खरेदी म्हणजे नव्या पोरांनी काढलेलं खूळ आहे की याला काही बूड आहे? – निवृत्त तलाठी, कळंब

काका, बूड चांगलं जुनं आहे. इंग्लंडातल्या रॉचडेल गावात १८४४ साली विणकरांनी आणि कामगारांनी पैसे जमवून आपलं दुकान काढलं, कारण बाहेरच्या पिठात भेसळ होती आणि वजनात मार होता. लोणी, साखर, पीठ अशा मोजक्या जिनसांवर ते सुरू झालं, आणि उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत मिळायचा. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून हेच केलं. शेजारच्या कुटुंबांचे संघ करायचे, यादी आधी द्यायची, माल एकत्र घ्यायचा आणि वाटपाचं काम सभासदांनीच करायचं. मोबाइलनं यादी आणि पैसे गोळा करण्याचं काम हलकं केलं, एवढंच नवं. माझं मत विचाराल तर यातली जी रीत सभासदांच्या हातात राहिली तीच ग्राहकाच्या जास्त कामाची. कंपनी मध्ये आली की सूट कुणाच्या खिशातून येते हे लपवणं तिला सोपं जातं. पुढचं पत्र त्याचंच आहे.

आम्ही नवरा-बायको छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासला खानावळ चालवतो. एका ॲपचा मुलगा आला होता. म्हणाला, तुमची २०० ची थाळी आमच्यावर १०० ला टाका, ५०० कूपन आठवड्यात खपवून देतो, तुमचा एक रुपया खर्च नाही. १०० मधले ५० कंपनीचे, ५० तुमचे. सही करू का? – खानावळवाले दादा-वहिनी

अजून सही केली नसेल तर थांबा, आणि आधी हे गणित घरातल्या सगळ्यांनी बसून करा.

ही पद्धत अमेरिकेतली. शिकागोत २००८ साली अँड्र्यू मेसन यांनी ग्रुपॉन सुरू केली आणि पहिली डील कंपनीच्याच इमारतीतल्या एका हॉटेलच्या पिझ्झाची होती. ठरलेल्या संख्येइतके लोक पैसे भरायला तयार झाले तरच सूट लागू, नाहीतर कुणाचेच पैसे कापायचे नाहीत, अशी रचना. त्या अटीत एक चांगली गोष्ट होती: विकणाऱ्याला गर्दीची खात्री मिळाल्याशिवाय तो सवलतीला बांधला जात नव्हता. पण साधारण हिशोब असा बसला की निम्मी किंमत ग्राहकाला सोडायची आणि उरलेल्यातला निम्मा वाटा कंपनीला द्यायचा. म्हणजे मूळ किमतीच्या चार आण्यांत विकायचं. तुमच्याकडे आलेला मुलगा हेच सांगतोय. २०० च्या थाळीचे तुमच्या हातात ५०.

आता तुमचा खर्च. तुम्ही पत्रात लिहिलंय की शिधा, भाजी, तेल आणि गॅस धरून थाळीला साधारण ९० लागतात. म्हणजे कूपनच्या प्रत्येक थाळीमागे तुम्ही पदरचे ४० घालणार. ५०० कूपनं म्हणजे २०,००० रुपये. 'एक रुपया खर्च नाही' ते हे. पूर्ण भावाच्या थाळीत तुम्हाला खर्च जाऊन ११० सुटतात, त्यातून पुढे भाडं आणि मजुरी निघते. २०,००० भरून निघायला १८२ थाळ्या पूर्ण भावात विकल्या जायला हव्यात, आणि त्याही अशा, ज्या एरवी विकल्याच गेल्या नसत्या.

आता यात तुमची रोजची गिऱ्हाइकं मिसळा. कारखान्यातली जी पोरं आज २०० देतात, त्यांच्याही मोबाइलवर ही डील दिसणार. ५०० पैकी १०० कूपनं त्यांनीच घेतली तर त्या १०० थाळ्यांवर एरवी मिळणारे ११,००० ही गेले. मग खड्डा ३१,००० चा, आणि तो भरायला २८२ नव्या थाळ्या. वाईट म्हणजे त्या पोरांच्या डोक्यात तुमच्या थाळीचा भाव आता १०० बसलेला असतो.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. २०१० साली पोर्टलंडमधल्या एका छोट्या कॅफेच्या मालकीणबाईंनी जाहीरपणे लिहिलं होतं की कूपनच्या गर्दीत पगार आणि भाडं द्यायला त्यांना स्वतःच्या शिलकीतून सुमारे ८,००० डॉलर काढावे लागले. त्याच वर्षी राइस विद्यापीठाच्या उत्पल ढोलकिया यांनी अशा डील दिलेल्या दीडशे व्यावसायिकांना विचारलं. ६६ टक्क्यांना फायदा झाला, ३२ टक्क्यांना झाला नाही, आणि ४० टक्क्यांहून जास्त म्हणाले की पुन्हा करणार नाही. त्यात हॉटेलवाले सगळ्यांत मागे होते, आणि ब्यूटी पार्लर, स्पा पुढे. कारण उघड आहे. पार्लरची खुर्ची दुपारी रिकामीच असते, तिच्यावर कुणी बसलं तर क्रीमचा आणि टॉवेलचा खर्च. तुमची थाळी मात्र प्रत्येक वेळी नव्यानं शिजवावी लागते. जिथे मालाचा खर्च थोडा आणि रिकामा वेळ फार, तिथे ही सूट परवडते. दादा, तुमच्या धंद्यात ते उलटं आहे.

आपल्या देशातही याची पावलं उमटली. स्नॅपडील २०१० मध्ये कूपनांवरच सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तो रस्ता सोडून ऑनलाइन बाजारपेठेकडे वळली. २०१३ च्या सप्टेंबरात कांदा कडाडला होता तेव्हा ग्रुपॉनच्या भारतातल्या शाखेनं ९ रुपये किलोनं कांदा घरपोच टाकला, ३,००० किलो ४४ मिनिटांत संपला. लोकांना वाटलं गटामुळे कांदा स्वस्त झाला. त्या भावात शेतकऱ्याचा कांदाही येत नव्हता आणि गाडीभाडंही निघत नव्हतं. तो जाहिरातीचा खर्च होता आणि कंपनीनं तो स्वतः केला. तुमच्या बाबतीत मात्र जाहिरात तुमची-त्यांची दोघांची, आणि खर्च एकट्या तुमचा.

तरी नव्या लोकांपर्यंत पोचायचंच असेल तर अटी तुम्ही घाला. कूपनं १०० च. फक्त सोमवार ते गुरुवार, दुपारी तीननंतर. पूर्ण थाळी नको, मिसळ किंवा धपाटे-दही ठेवा, ज्यात शिध्याचा खर्च कमी. कूपनची मुदत लांबवून घ्या म्हणजे सगळे एका दिवशी कोसळणार नाहीत. कंपनी पैसे कधी देते, एकरकमी की हप्त्यांनी, आणि तिच्या वाट्यावरचा जीएसटी कुणाचा, हे करारात वाचा. आणि स्वयंपाकाच्या मावशींना आधी सांगा. ढोलकियांच्या पाहणीत डील फायद्याची ठरण्यामागे सगळ्यांत मोठं कारण कर्मचाऱ्यांचं समाधान निघालं होतं, आणि मला ते पटतं. ताण आलेल्या हातानं वाढलेल्या ताटावर गिऱ्हाईक परत येत नाही.

त्यापेक्षा एक सुचवते. चिकलठाणा एमआयडीसी तुम्हाला जवळ. तिथल्या एकाच कारखान्याच्या एकाच पाळीतले वीस जण गाठा. वीस डबे, एका दारात, महिन्याचे पैसे आगाऊ. डबा १६५ ला द्या. तुमची पोचवणी एका खेपेत झाली, शिधा किती भिजवायचा ते आदल्या रात्री कळलं, उरलेली भाजी टाकावी लागली नाही. हे ३५ रुपये तुम्ही खरोखर वाचवलेल्या खर्चातून सोडताय. गटाला सूट द्यायची ती अशी.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ॲपनं गावाचा 'लीडर' होण्यासाठी २,९९९ रुपये मागितलेत. शेजाऱ्यांच्या ऑर्डरी गोळा करायच्या, शिवाय माझ्याखाली आणखी लीडर जोडले तर प्रत्येकामागे पैसे. काका भरायला तयार आहेत. करू का? – विद्यार्थी, वसमत

लेकरा, नको. काकांचे पैसे काकांकडेच राहू दे.

लीडरचं काम खोटं नाही, ते आधी सांगते. चीनमध्ये ते प्रचंड चाललं. तिथे कॉलिन हुआंग यांनी २०१५ साली पिनडुओडुओ ही मोबाइलवरच्या गट-खरेदीची कंपनी सुरू केली. एकट्यानं घ्याल तर एक भाव, ओळखीच्यांना जोडून चोवीस तासांत गट पुरा केला तर कमी भाव. सुरुवातीला फळांवर जोर होता, कारण फळ ठेवून चालत नाही, आणि ऑर्डरी आधीच जमल्या तर मालाची नासाडी वाचते. नंतर मोहल्ल्याचा प्रमुख ही पद्धत आली. रात्री ऑर्डरी बंद, दुसऱ्या दिवशी सगळा माल प्रमुखाच्या दुकानात, लोक येऊन घेऊन जाणार. घरोघरी पोचवण्याचा खर्च वाचला, त्यातून प्रमुखाला साधारण दहा टक्के कमिशन. मग बड्या कंपन्या उतरल्या आणि गिऱ्हाइकं खेचायला खरेदीच्याही खाली भाव टाकू लागल्या. कोपऱ्यावरचे भाजीवाले मरायला लागले, आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं पाच कंपन्यांना दंड केला. या सगळ्यात प्रमुखाला पैसे मिळायचे ते विकलेल्या मालावर.

तुझ्याकडे पैसे आधी मागतायत आणि माणसं जोडण्याचे देतायत. माल किती विकला यापेक्षा किती जण भरती केले यावर कमाई असेल तर ती साखळी आहे. तिला १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजना मना केल्या आहेत. पैसे भरणाऱ्याबरोबर पुढची माणसं जोडणाराही अडकतो. गावात तुझ्या शब्दावर ज्यांनी भरले ते तुझ्या दारात येतील, ॲपच्या नाही.

हौस खरी असेल तर साधा हिशोब कर. वीस घरं, आठवड्याला प्रत्येकी ५०० ची ऑर्डर, दहा टक्के धरले तर आठवड्याचे हजार. त्यातून पेट्रोल आणि परत आलेला माल वजा कर. शिकता शिकता एवढं सुटलं तर चांगलं. आणि वसमतला राहून दुसऱ्याची बिस्किटं कशाला विकायची? तुमच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. गावातल्या बचत गटानं दळलेली हळद पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या सोसायट्यांना गटानं विकण्याचं बघ. नोंदणी, पाकीट, लेबल यांचं काय लागतं ते मला विचार, मी सांगते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मिक्सरची 'ग्रुप डील' आली. १,८०० पाठवले. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढून टाकलं. – गृहिणी, परभणी

ताई, आधी १९३० वर फोन करा, मग इतर सगळं. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच कळवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्या माणसाचा नंबर, ग्रुपच्या संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पैसे परत करतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला किंवा पिन टाकायला सांगितला तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

खऱ्या दुकानदाराशी किंवा ॲपशी तंटा असेल तर वाट वेगळी. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीनं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. नाही केलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे परभणीलाच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

माझी केशरची बाग आहे. पुण्याच्या सोसायट्यांना मोबाइलवर बुकिंग घेऊन थेट आंबा पाठवायचा विचार आहे. व्यापारी जागेवर ६० रुपये किलोनं अख्खी बाग मागतो, पुण्यात १५० नं विकतात. मधले ९० आपले होतील का? – शेतकरी, औसा तालुका

भाऊ, नव्वद होणार नाहीत, पण काही नक्की होतील. किती, ते तुमच्या दुसऱ्या नंबरच्या फळावर ठरेल. हे ऐकून आश्चर्य वाटेल, म्हणून सविस्तर मांडते.

समजा, गटाला १२० चा भाव दिला. ग्राहकाचे तीस वाचले, तो खूश. आता तुमचे खर्च. पाच किलोची पेटी कागदासकट साठ रुपयांना, म्हणजे किलोला बारा. पुण्याचं पिकअपचं भाडं १५,००० धरलं आणि गाडीत १,५०० किलो बसला तर किलोला दहा. निवडणं, भरणं, चढवणं पाच. सोसायटीत पेट्या वाटणाऱ्याला पाच. डागी निघालेल्या फळाची भरपाई सहा. झाले अडतीस. हातात राहिले ८२. साठाच्या तुलनेत बावीस रुपये जास्त.

पण हे पहिल्या नंबरच्या फळाला. हजार किलोत समजा सहाशे किलो तसं निघालं. उरलेलं चारशे किलो लहान, डागी, वाऱ्यानं घासलेलं. व्यापारी साठ देत होता ते सरसकट बागेचे. चांगलं काढून घेतल्यावर उरलेल्याला तो ३५ देईल. मांडा: ६०० किलोचे ४९,२०० आणि ४०० किलोचे १४,०००, एकूण ६३,२००. सरसकट दिली असती तर ६०,०००. एवढा उपद्व्याप करून हजार किलोमागे ३,२०० उरले. तेच दुसऱ्या नंबरला लातुरात ज्यूसवाले, पल्प करणारे, आमरस विकणारे गाठून ४५ मिळवले तर एकूण ६७,२००. म्हणून सोसायट्यांच्या आधी दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक ठरवा.

आता गाडी. ती अर्धी गेली तर भाडं किलोला दहाचं वीस होतं, आणि सहाशे किलोवर ६,००० जातात. दुसऱ्या नंबरला ३५ च मिळाले असतील तर मग तुम्ही व्यापाऱ्याच्याही खाली आलात. तुमचा गटाचा आकडा इथून येतो: ३०० पेट्या. तेवढ्या बुक झाल्या तरच गाडी निघेल, नाही झाल्या तर पैसे परत, असं पहिल्याच संदेशात लिहा. ३०० पेट्या पहिल्या नंबरच्या म्हणजे तोडणीचा माल अडीच हजार किलो, आणि तोही एका वेळी पाडाला आलेला. एकट्या बागेत हे जमणार नाही. शेजारच्या तीन-चार बागा घ्या, आणि शेतकरी कंपनी असेल तर पैसे तिच्या खात्यात घ्या, कुणा एकाच्या मोबाइलवर नको.

बुकिंग जानेवारीत उघडू नका. मराठवाड्यात फेब्रुवारी ते एप्रिल गारपिटीची टांगती तलवार असते, २०१४ आपण विसरलेलो नाही. एप्रिलअखेर फळ पोसलेलं दिसलं की उघडा. आगाऊ चौथा हिस्सा घ्या, बाकी गाडी निघताना. वादळ-गारपीट झाली तर किती दिवसांत पैसे परत, हे आधीच लिहा.

भाव डझनावर सांगू नका, किलोवर सांगा. डझनाला लहान-मोठ्याचा वाद कधी मिटत नाही. फळ पाडाचं काढा, देठ ठेवून, चीक निथळू द्या, कच्चंच पाठवा आणि पेटीत चिठ्ठी घाला की अढीत किंवा कागदात आठवडाभर ठेवून पिकवायचं. शहरातल्या माणसाला पेटी उघडल्यावर हिरवं फळ दिसलं की फसवल्यासारखं वाटतं, ती चिठ्ठी तुमची निम्मी भांडणं वाचवेल. कार्बाइड कायद्यानं बंद आहे. पिकवूनच हवा म्हणाले तर इथिलीन वायूनं फळ पिकवणारं रायपनिंग चेंबर गाठा, त्याचा खर्च वेगळा लावा. पेटीवर 'मराठवाडा केशर' असं जीआयच्या चिन्हासह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी हवी. आणि बाजार समितीबाहेर विकण्याची धास्ती बाळगू नका, जुलै २०१६ पासून राज्यात फळं-भाज्या नियमनमुक्त आहेत.

सोसायटीच्या लोकांना भावाचा हा तक्ता दाखवावा का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. दाखवा, सगळा दाखवा, तुमचे ८२ सुद्धा. वाटणाऱ्याचे पाच लपवलेत तर तेच पाच पुढे संशयाचं कारण होतात. पहिल्या वर्षी एकच गाडी करा. पेटीचा, भाड्याचा आणि दुसऱ्या नंबरच्या फळाचा पक्का भाव मिळाला की मला कळवा, तुमच्या खऱ्या आकड्यांनी हा तक्ता पुन्हा मांडून देते.